वृत्ती आणि शिष्यवृत्ती

'वृत्ती' या शब्दाची मराठीत दोन घरे आहेत. एका घरी त्याचा अर्थ उपजीविका असा होतो: भिक्षुकाची वृत्ती, कुलकर्ण्याची वृत्ती, वृत्तीवरून माजलेली भाऊबंदकी. दुसऱ्या घरी तो मनाची अवस्था दाखवितो. योगशास्त्रातील चित्तवृत्तींपासून 'माणूस वृत्तीने चांगला' या रोजच्या बोलण्यापर्यंत त्याचा संचार आहे. 'शिष्यवृत्ती' हा शब्द पहिल्या घरातून आला. परंतु शिष्य मानसशास्त्राचा असेल तर दुसऱ्या घराचे दारही आपोआप उघडते. ज्या पैशावर तो जगतो, त्या पैशामुळे त्याच्या मनात कृतज्ञता, संकोच, दबलेपण आणि क्वचित दात्याविषयीचा सूक्ष्म रागही निर्माण होतो, आणि या साऱ्या वृत्ती त्याच्या शास्त्राच्याच कक्षेत येतात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोणी पोसले यावर इलेक्ट्रॉनचे वर्तन अवलंबून नसते. मनाच्या अभ्यासात अभ्यासक, अभ्यासाचा विषय आणि पोशिंदा ही तिन्ही माणसेच असतात आणि ती एकमेकांकडे पाहत असतात. त्यामुळे एरवी अर्थखात्याच्या कागदांत मिटून जाणारा एक प्रश्न येथे नैतिक होऊन बसतो. मनाचा अभ्यास करणाऱ्याला जो पोसतो, त्याचा त्या अभ्यासावर कितपत हक्क पोचतो? आणि विद्यार्थी नेमका कोणाचा ऋणी होतो?

महाराष्ट्राला या ऋणाचा जुना परिचय आहे. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या हकिकती मराठी आत्मचरित्रांत जागोजाग आढळतात. सात दिवसांची सात घरे ठरलेली असत. कोणत्या घरी ताक पातळ मिळते आणि कोणत्या घरी पानावर बसताना कपाळाला आठी दिसते, हे विद्यार्थ्याला पाठ असे. पण ते बोलून दाखविण्याची सोय नसे. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने देणगीविषयीच्या आपल्या १९२५ च्या प्रबंधात दाखवून दिले की, निखळ, परतफेड न मागणारे दान मानवी समाजात सहसा आढळत नाही. प्रत्येक दान घेणाऱ्याला बांधते आणि परत काही देण्यास भाग पाडते. वार लावून जेवणाऱ्या मुलाला हे ग्रंथावाचून कळत होते. ज्याला परत काही देता येत नाही, तो आपली मान खाली घालून परतफेड करतो.

भारतीय परंपरेने मात्र याच प्रश्नाला एक निराळे वळण दिले होते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण या तीन जन्मजात ऋणांपैकी ऋषिऋण फेडण्याचा मार्ग म्हणजे अध्ययन. हे विलक्षण ऋण आहे. कारण येथे शिकणे हेच फेडणे ठरते आणि धनको त्यावर व्याज मागायला येत नाही. कल्पना उदात्त आहे, पण ज्यांना अध्ययनाचाच अधिकार नाकारला होता त्यांच्यासाठी तिच्यात जागा नव्हती, हे विसरून तिचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऋणी होण्याचा अधिकारदेखील येथे जन्मावर वाटला गेला होता.

आधुनिक काळात दात्यांनी या अवघड नात्यातून वाट काढण्याचे प्रयत्न केले. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तेव्हा शिष्यवृत्ती कर्जाऊ ठेवली. वरवर पाहता ही व्यापारी काटकसर वाटेल. परंतु कर्ज फेडणारा माणूस ताठ मानेने निरोप घेऊ शकतो, आणि त्याने फेडलेला पैसा पुढच्या कोणाच्या तरी कामी येतो. दान जे स्वातंत्र्य देऊ शकत नाही ते कधी कधी कर्ज देते, असे म्हणावे लागेल. अर्थात, फेडण्याइतकी मिळकत पुढे होणार असेल तर.

दुसरा मार्ग कराराचा. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे ठरले. १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी आंबेडकर बडोद्यास गेले, तेव्हा कोलंबियात शिकून आलेल्या या विद्वानाला राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात खरी ओळख लपवून काढलेले काही दिवस, काठ्या घेऊन आलेला जमाव आणि अखेर सोडावे लागलेले शहर, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याच्या दुःखापाठीमागे एक कायदेशीर वाटणारा, पण मुळात नैतिक असलेला प्रश्न दडला आहे. करार कोणी मोडला? कागदावर पाहिले तर विद्यार्थ्याने. परंतु शिष्यवृत्तीचा पैसा जसा राजाच्या खजिन्यातून आला, तशी नोकरी करण्यासाठी लागणारी माणुसकी त्या नगराकडून यायची होती. ती आली नाही. दाता एकटा नसतो, त्याच्या मागे एक समाज उभा असतो, आणि एका हाताने दिलेले दुसरा हात काढून घेऊ शकतो. सयाजीरावांचे मोठेपण याने उणावत नाही. मात्र विद्यार्थी ज्या दिवशी शिकून परत येईल, त्या दिवशी त्याला उभे राहायला जागा असेल की नाही, याची जबाबदारी दात्यावर आहे, एवढे त्यातून दिसते.

तिसरी गोष्ट अधिक सरळ आहे. महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी मराठी राज्याची ब्रिटिश राज्याशी तुलना करणारा निबंध लिहिला आणि त्याबद्दल त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखण्यात आली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. येथे पोशिंद्याने हक्क सांगितला तो थेट विद्यार्थ्याच्या विचारावर. अशा वेळी निदान शत्रू दिसतो. मानसशास्त्राच्या इतिहासात पैशाने विचारांना जी वळणे दिली, ती बहुधा इतकी उघड नव्हती.

आंबेडकरांनी ज्या विद्यापीठात शिक्षण घेतले, त्याच कोलंबियात पंचवीसेक वर्षांनी मानसशास्त्राचे दोन कृष्णवर्णी विद्यार्थी दाखल झाले: केनेथ क्लार्क आणि त्यांच्या पत्नी मॅमी फिप्स क्लार्क. मॅमी या आर्कान्सासमधल्या, दक्षिणेच्या वर्णविभक्त शाळांत वाढलेल्या. हॉवर्ड विद्यापीठात त्या शिष्यवृत्तीवर गेल्या त्या गणित शिकण्यासाठी. मानसशास्त्राकडे नंतर वळल्या. १९३९ च्या त्यांच्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होता लहान निग्रो मुलांमधील स्वत्वाची जाणीव. मुलाला 'मी' कोण हे कधी कळते, आणि त्या 'मी'ला रंग कधी चिकटतो? हा विषय पुढे नेण्यासाठी रोझेनवाल्ड निधीने १९४० मध्ये त्यांना फेलोशिप दिली. त्या पैशावर दोघांनी चार बाहुल्या घेऊन मुलांच्या भेटी घेतल्या. बाहुल्या रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या होत्या. तीन ते सात वर्षे वयाच्या २५३ मुलांना विचारले गेले: तुला खेळायला कोणती आवडेल, चांगली कोणती, वाईट दिसते ती कोणती, आणि शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती कोणती. सुमारे दोनतृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. शेवटच्या प्रश्नाशी येताच काही मुले रडू लागली, काही खोलीतून निघून गेली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले, त्या निकालाच्या एका तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा निर्देश आहे.

या कहाणीतील शिष्यवृत्तीचा भाग सहसा ओझरता सांगितला जातो. वस्तुतः तोच विचारात घेण्याजोगा आहे. त्या काळी अमेरिकेत बालमानसशास्त्राच्या प्रयोगशाळांची वाण नव्हती, विद्वानही पुष्कळ होते. तरीही चार बाहुल्यांचा तो प्रश्न असा विचारला गेला नव्हता. ज्यांना तो विचारण्याची साधने होती त्यांना तो पडला नव्हता आणि ज्यांना तो लहानपणापासून पडला होता त्यांच्याकडे साधने नव्हती. रोझेनवाल्ड निधीने या दोहोंची गाठ घालून दिली. शिष्यवृत्तीने एका गरजू विद्यार्थिनीचे भले झाले, हा त्या घटनेचा लहान अर्थ. शास्त्राला जे दिसत नव्हते ते दिसू लागले, हा मोठा अर्थ. कोणाला शिकायला मिळते यावर शास्त्राला काय सत्य म्हणून गवसते हे अवलंबून असेल, तर शिष्यवृत्तीचा प्रश्न दयाबुद्धीच्या खात्यातून काढून सत्यशोधनाच्या खात्यात मांडावा लागतो.

मॅमी क्लार्क यांनी डॉक्टरेटसाठी मार्गदर्शक निवडले ते हेन्री गॅरेट. आणि निवडले ते त्यांची वंशविषयक मते ठाऊक असताना. पुढे १९५२ मध्ये व्हर्जिनियातील खटल्यात गॅरेट यांनी वर्णविभाजनाच्या बाजूने साक्ष दिली, तेव्हा तिचे खंडन करण्यासाठी साक्षीला उभ्या राहिलेल्यांत त्यांची ही विद्यार्थिनी होती. आपल्याकडील गुरुभक्तीच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला हे कृतघ्नपणाचे वाटण्याचा संभव आहे. पण गॅरेटांकडून त्या शिकल्या होत्या ती पुरावा तपासण्याची रीत, आणि त्याच रीतीने त्यांनी गुरूंचा पुरावा तपासला. ऋषिऋण याहून चोख कसे फेडले जाते?

एक तपशील येथे दडवू नये. क्लार्क दांपत्याच्या आकड्यांत उत्तरेकडील मिश्र शाळांतल्या मुलांनी गोरी बाहुली दक्षिणेतील विभक्त शाळांतल्या मुलांपेक्षा किंचित अधिक प्रमाणात निवडली होती. वर्णविभक्त शाळांविरुद्धच्या लढ्याला हे सोयीचे नव्हते; विरोधकांनी त्यावर बोट ठेवलेही. तरी आकडे छापले गेले. दात्याच्या इच्छेप्रमाणे निष्कर्ष वाकविण्याचा मोह जसा असतो, तसाच आपल्या माणसांच्या न्याय्य लढ्यासाठी वाकविण्याचाही असतो, आणि हा दुसरा मोह अधिक कठीण. कारण त्याला सद्‍हेतूचे कवच असते.

रोझेनवाल्ड निधीची रीतही निराळी होती. सिअर्स, रोबक या व्यापारी कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांचा चिरंतन निधींवर विश्वास नव्हता. मृत व्यक्तीच्या इच्छेने पुढच्या पिढ्यांना बांधून ठेवू नये, मूळ रक्कमही ठरल्या मुदतीत खर्चून टाकावी, अशी अट त्यांनी घातली. १९३२ मध्ये ते वारले. १९४८ मध्ये निधी संपला आणि कार्यालय बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला अद्याप सहा वर्षे होती.

या व्यक्तिगत दातृत्वाशेजारी सरकारी पैशाचा महापूर ठेवून पाहिला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर मनाने मोडलेले सैनिक लाखोंच्या संख्येने परतले. १९४६ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायदा झाला आणि त्याच वर्षी माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी विद्यापीठांशी हातमिळवणी करून मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वेतन देऊन शिकविण्याची योजना सुरू केली. तोवर मुख्यतः प्रयोगशाळेत आणि वर्गात नांदणारे हे शास्त्र काही वर्षांतच रुग्णालयाच्या दिशेने वळले. कोणी कोणाला सक्ती केली नव्हती, कोणाची शिष्यवृत्ती रोखली नव्हती. पैसा जिकडे होता तिकडे विद्यार्थी गेले, विद्यार्थी जिकडे गेले तिकडे प्रश्न गेले. सैनिकांचे दुःख खरे होते आणि त्यांना मदतही मिळाली, म्हणून या वळणाला वाईट म्हणता येणार नाही. तरी जे विचारले गेले नाही त्याची नोंद कोठेच राहत नाही, ही या प्रकारातली मेख आहे. नाकारलेल्या अर्जाची निदान फाईल असते. न सुचलेल्या विषयाची नसते.

याच काळातील दुसरी कथा काळी आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत मानवी परिस्थितीच्या संशोधनासाठी म्हणून एक संस्था स्थापन झाली आणि तिने मानसशास्त्रज्ञांना अनुदाने वाटली. कार्ल रॉजर्ससारख्या मानवतावादी मानसशास्त्रज्ञालाही तिचे साह्य मिळाले. माँट्रियलमध्ये ज्यांच्या उपचारांनी रुग्णांची मने उद्‍ध्वस्त झाली त्या इवन कॅमेरॉन यांनाही मिळाले. या संस्थेमागचा खरा पोशिंदा सी. आय. ए. ही गुप्तहेर संघटना होती, हे १९७० च्या दशकात जगापुढे आले. पैसा घेणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचा उगम ठाऊक नव्हता. 'धुतल्या तांदळासारखा' हा शब्दप्रयोग आपण माणसासाठी करतो. तांदूळ कोणाच्या कोठारातला, हे धुतल्यावर कळत नाही. अशा प्रसंगी विद्यार्थी दोषी कितपत? जाणण्याचा मार्गच बंद असेल तर दोष नाही. परंतु मनाचा अभ्यास करणाऱ्याने हेतूंविषयी कुतूहल बाळगू नये, आणि तेही पोशिंद्याच्या हेतूंविषयी, हे विसंगत आहे.

शिष्यवृत्ती गुणवत्तेवर द्यावी म्हणजे सारे वाद मिटतात, असा एक समज आहे. हा समज मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी बाळगू नये, कारण गुणवत्ता मोजण्याची काठी त्याच्याच पूर्वजांनी तासली. लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील कुशाग्र मुले बुद्धिमापन चाचणीने निवडून त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास आरंभिला. चाचणीत न बसल्यामुळे वगळलेल्या मुलांपैकी दोघांना, विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ यांना, पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही. काठी टाकून द्यावी असा याचा अर्थ नव्हे. तिच्यावर खुणा कोणी केल्या एवढे लक्षात असावे.

भारतात या प्रश्नाचे रूप कसे आहे? राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्याला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये ठरलेले आहेत. विषय विद्यार्थ्याने निवडायचा. पोशिंदा दूर आणि निराकार असतो. हा निराकारपणा मोठा गुण आहे. वार लावून जेवणाऱ्याची खाली गेलेली मान येथे वर राहू शकते, कारण पैसा करदात्यांचा आहे आणि विद्यार्थ्याचा त्यावर नागरिक म्हणून हक्क आहे. पण निराकार दात्याला चेहरा नसतो तशी घाईही नसते. विद्यावेतन महिनोन्महिने रखडणे ही संशोधक विद्यार्थ्यांची नित्याची तक्रार आहे, आणि हक्काच्या पैशासाठी खेटे घालता घालता हक्क कधी उपकारात बदलतो ते त्यांना कळतही नाही.

शिवाय ही वृत्ती लागू होते ती पीएच.डी.च्या टप्प्यावर. त्याआधीचा दरवाजा अरुंद आहे. बंगळूर येथे १९५५ मध्ये वैद्यकीय मानसशास्त्राचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हापासून चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्याची मुख्य वाट म्हणजे एम.ए.नंतर रुग्णालयात, देखरेखीखाली केलेली दोन वर्षांची पूर्ण वेळ साधना. तिचे नाव आणि आराखडा २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर बदलू लागला आहे. मुद्दा बदललेला नाही. मोजक्या सरकारी संस्थांत या काळात विद्यावेतन मिळते, पण तेथे जागा थोड्या. खाजगी संस्थांत विद्यार्थ्यानेच लाखांनी शुल्क भरायचे आणि दोन वर्षे काही कमवायचे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असे आढळले. तेव्हा ऐकणारे हवे आहेत, आणि ऐकायला शिकण्याची किंमत ज्यांना परवडते तेवढेच ऐकणारे तयार होत आहेत.

मनाच्या उपचारात ऐकणारा कोण, याला महत्त्व आहे. शल्यविशारदाला रुग्णाची बोली आली नाही तरी अपेंडिक्स काढता येते. मन मात्र ज्या बोलीत दुखते त्याच बोलीत सांगितले जाते; 'जीव घाबरा होतो', 'काळजात कालवतं', 'डोकं फिरल्यागत होतं' या तीन तक्रारी चाचणीच्या तर्जुम्यात एकाच रकान्यात जाऊन पडतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेली, घरात पावरी बोलणारी एखादी मुलगी या शास्त्रापर्यंत पोचली, अशी कल्पना करावी. तिच्या आजीच्या अंगात येत असे. ठरावीक रात्री, ठरावीक माणसांपुढे. आणि त्या रात्री एरवी घरात जिचे कोणी ऐकत नाही अशा त्या बाईचे सारे ऐकत. पाठ्यपुस्तकात या अवस्थेला एक नाव आहे, आणि त्या नावाखाली लक्षणांची यादी आहे. मुलीला ती यादी पाठ होईल, परीक्षेत ती लिहीलही. पण आजीचे ऐकले जावे यासाठी अंगात येण्यावाचून दुसरी कोणती वाट त्या घरात होती, हा प्रश्न त्या यादीत नाही. तो तिला पडेल. त्यावर तीन वर्षे काम करायचे म्हणून ती अर्ज भरायला बसेल, तेव्हा समोर विषयाच्या उपयुक्ततेचा रकाना असेल, वार्षिक उत्पन्नाचा दाखला जोडण्याची सूचना असेल, आणि एकदा फी थकल्यामुळे मागच्या संस्थेने अडकवून ठेवलेली गुणपत्रिका असेल.